क्लाउडवरच्या फायली कॉम्प्युटरवर नीट दिसत नाहीत? आधी हे तपासा

मागच्या पावसाळ्यात दांडिया बाजारातल्या एक काकू लॅपटॉप कापडी पिशवीत घालून माझ्या दुकानात आल्या. बडोद्यात, रावपुऱ्यात माझं झेरॉक्स आणि स्कॅनिंगचं छोटं दुकान आहे. काकूंच्या घरातली जुनी कागदं मीच स्कॅन करून क्लाउडवर, म्हणजे नेटवरच्या साठवणीत, चढवून दिली होती. त्या दिवशी त्या वारसाईच्या नोंदीसाठी वकिलांकडे गेल्या होत्या आणि तिथूनच थेट आल्या होत्या. खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "अगं, फायली आहेत, पण नाहीत."

लॅपटॉप उघडला. फोल्डर जागेवर होतं. 'इनामपत्र', 'सिटी सर्व्हे प्रॉपर्टी कार्ड', 'आजोबांचं मृत्युपत्र', सगळी नावं ओळीने दिसत होती. पण वकिलांसमोर एकही उघडली नव्हती. नुसतं गोल गोल फिरायचं आणि मग एक इंग्रजी संदेश यायचा. वकिलांना वाटलं कागदपत्रंच नाहीत. काकूंना वाटलं सगळं पुसलं गेलं.

काहीही पुसलं गेलं नव्हतं. माझ्या दुकानातलं वायफाय जोडलं आणि दहा सेकंदांत इनामपत्र उघडलं.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी घराघरात शिरलं, तेव्हा तळमजल्यावरच्या कपाटांतली किती कागदं भिजली हे बडोद्यात वेगळं सांगायला नको. त्यानंतर माझ्याकडे गाठोडीच्या गाठोडी यायला लागली. मोडीतली पत्रं, सयाजीराव महाराजांच्या काळातल्या पावत्या, लग्नांचे फोटो, शाळेचे दाखले. ती स्कॅन होऊन क्लाउडवर गेली, चांगलं झालं. पण काही महिन्यांनी बरेच जण परत येतात, तक्रार थोड्याफार फरकाने काकूंचीच असते. म्हणून मी ज्या क्रमाने तपासते तो क्रम सविस्तर लिहिते आहे.

सगळ्यात आधी एक विनंती. फाइल दिसत नाही म्हणून काहीही डिलीट करू नका, ॲप काढून टाकू नका, अकाउंटमधून बाहेर पडू नका. खरं नुकसान मी पाहिलंय ते बहुतेक वेळा फाइल 'गायब' झाल्यावर नाही, तर त्यानंतरच्या अर्ध्या तासात घाबरून केलेल्या खटपटीत झालेलं आहे.

नाव, फाइल आणि उतरलेली फाइल

पूर्वी कॉम्प्युटरवर फाइलचं नाव दिसलं म्हणजे फाइल तिथे आहे, इतका सरळ हिशोब होता. आता तसं राहिलेलं नाही. मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्ये विंडोज १० च्या एका अपडेटबरोबर वनड्राइव्हला 'फाइल्स ऑन-डिमांड' नावाची सोय दिली. गूगल ड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स आणि ॲपलचं आयक्लाउड यांच्याकडेही तशीच सोय आहे. फाइल मॅनेजरमध्ये, म्हणजे फायली-फोल्डरं दाखवणाऱ्या खिडकीत, नाव, तारीख, आकार सगळं दिसतं, पण आतला मजकूर कंपनीच्या सर्व्हरवरच असतो. तुम्ही डबल क्लिक केलंत की तो त्या क्षणी नेटवरून उतरतो. छोट्या हार्ड डिस्कच्या लॅपटॉपसाठी ही सोय खरोखर उपयोगी आहे, पण नेट नसेल तर हातात नुसतं नाव उरतं.

म्हणून प्रत्येक तक्रारीत मी तीन प्रश्न वेगवेगळे विचारते. फाइल क्लाउडवर आहे का? तिचं नाव कॉम्प्युटरवर दिसतंय का? आणि ती कॉम्प्युटरवर उतरलेली आहे का? पुढची प्रत्येक पायरी या तिन्हींपैकी एखाद्या प्रश्नाचं उत्तर शोधण्यासाठीच आहे.

पायरी १: आधी ब्राउझर उघडा

फाइल मॅनेजर बाजूला ठेवा. क्रोम, एज, जे वापरत असाल त्यात क्लाउडची वेबसाइट उघडा आणि लॉगिन करा. खरी वही तिथे आहे, कॉम्प्युटरवर दिसते ती तिची नक्कल.

लॉगिन केल्यावर वर उजव्या कोपऱ्यातल्या प्रोफाइलच्या चित्रावर क्लिक करा आणि ईमेल पत्ता वाचा. अक्षर अन् अक्षर वाचा. एकाच घरात तीन-चार जीमेल पत्ते असतात, एक बाबांच्या फोनसाठी, एक मुलीच्या कॉलेजचा, एक कोणीतरी बँकेसाठी काढून दिलेला. फाइल एका पत्त्यावर आणि कॉम्प्युटर दुसऱ्यावर, असं मला दर आठवड्याला सापडतं. डेस्कटॉपसाठीच्या गूगल ड्राइव्हमध्ये एका वेळी चार अकाउंट जोडता येतात, त्यामुळे गोंधळ आणखी वाढतो. कोणता ड्राइव्ह कुणाचा, हे एकदा कागदावर लिहून ठेवा.

पत्ता बरोबर असेल तर फाइल शोधा. सापडली तर निश्चिंत व्हा, दोष फक्त कॉम्प्युटरच्या बाजूला आहे. सरळ दुसऱ्या पायरीवर जा.

सापडली नाही तर ट्रॅश किंवा रीसायकल बिन पाहा, आणि आजच पाहा, कारण तिथे मुदत असते. गूगल ड्राइव्हचा ट्रॅश ३० दिवसांनी आपोआप रिकामा होतो. वनड्राइव्हच्या वैयक्तिक अकाउंटलाही ३० दिवस मिळतात, ऑफिस किंवा शाळेच्या अकाउंटला साधारणपणे ९३. आयक्लाउड ड्राइव्ह आणि ड्रॉपबॉक्सचं फुकट अकाउंट, दोन्हीकडे ३० दिवस.

तिथेही नसेल तर बहुधा ती फाइल कधी वर चढलीच नाही. ज्या कॉम्प्युटरवर किंवा फोनवर ती पहिल्यांदा तयार झाली, तिथे जाऊन पाहा. आणि जागा संपली आहे का तेही बघा. गूगलचे फुकट १५ जीबी ड्राइव्ह, जीमेल आणि फोटो या तिघांत मिळून असतात. वनड्राइव्ह आणि आयक्लाउडचे ५, ड्रॉपबॉक्सचे २. जागा भरली की नवीन फायली वर जाणं थांबतं. त्या तुमच्या एका कॉम्प्युटरवर दिसत राहतात, बाकी कुठेच दिसत नाहीत.

पायरी २: फाइलशेजारची खूण वाचा

फाइल वर आहे हे नक्की झालं की फाइल मॅनेजरकडे या. विंडोजमध्ये वनड्राइव्हचं फोल्डर उघडा आणि 'स्टेटस' नावाचा रकाना पाहा.

निळ्या कडेचा पोकळ ढग म्हणजे फाइल फक्त ऑनलाइन आहे. पांढऱ्या गोलात हिरवी बरोबरची खूण म्हणजे तुम्ही ती कधीतरी उघडलीत म्हणून उतरली आहे, पण जागा कमी पडली तर पुन्हा ढगात जाऊ शकते. भरीव हिरव्या गोलात पांढरी खूण म्हणजे ती कायम या कॉम्प्युटरवर ठेवायला सांगितलेली आहे. एकमेकांमागे फिरणारे दोन बाण म्हणजे देवाणघेवाण चालू आहे, थांबा. लाल गोलात फुली म्हणजे अडचण आहे. तिथे माणसाचं चित्र दिसलं तर ती फाइल कुणाबरोबर तरी शेअर केलेली आहे, इतकंच.

काकूंच्या फोल्डरात ओळीने निळे ढग होते. हिरव्या दोन खुणांमधला फरक लोकांच्या लक्षात येत नाही, आणि घात तिथेच होतो. 'परवा तर उघडली होती' असं म्हणतात ते खरंच असतं. पण विंडोजमध्ये स्टोरेज सेन्स नावाची सफाईची सोय आहे. ती चालू असेल तर ठरावीक दिवस न उघडलेल्या फायली ती परत 'फक्त ऑनलाइन' करू शकते. त्यामुळे महत्त्वाच्या फोल्डरवर उजवं क्लिक करा आणि 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' निवडा. खूण भरीव हिरवी झाली की मगच काम झालं समजा. गूगल ड्राइव्हमध्ये याच कामासाठी उजव्या क्लिकमध्ये 'ऑफलाइन ॲक्सेस' आणि त्यात 'अव्हेलेबल ऑफलाइन' आहे. ड्रॉपबॉक्समध्ये 'मेक अव्हेलेबल ऑफलाइन'.

खुणांवर विश्वास बसत नसेल तर एक पक्की परीक्षा आहे. फाइलवर उजवं क्लिक करून 'प्रॉपर्टीज' उघडा. तिथे दोन ओळी असतात, 'साइझ' आणि 'साइझ ऑन डिस्क'. काकूंच्या इनामपत्रासमोर पहिल्या ओळीत ४ एमबीच्या वर आकडा होता आणि दुसऱ्या ओळीत चक्क शून्य बाइट. म्हणजे फाइल चार एमबीची आहे, पण या डिस्कवर तिचा एक कणही नाही. मी काकूंना स्क्रीनवर बोट ठेवून या दोन ओळी वाचायला लावल्या, आणि मग त्यांना सगळं आपोआप समजलं.

हे शून्य पाहून फाइल रिकामी आहे असं मात्र समजू नका. माझ्याकडे येणाऱ्या एका कुटुंबातल्या मुलाने तसंच समजून लॅपटॉपमधली 'रिकामी' दोन फोल्डरं उडवली. जोडलेल्या फोल्डरातून पुसलेली फाइल क्लाउडवरूनही पुसली जाते, आणि मग घरातल्या प्रत्येक फोनवरून, कॉम्प्युटरवरून. त्यात त्यांच्या आजीचा एकुलता एक स्पष्ट फोटो होता. ते माझ्याकडे आले तेव्हा आम्ही बोटांवर दिवस मोजले, सव्विसावा होता. बिनमधून सगळं परत मिळालं. आठवडाभर उशीर झाला असता तर मी काहीच करू शकले नसते. डिस्कवर जागा हवी असेल तर उजव्या क्लिकमधलं 'फ्री अप स्पेस' वापरा, डिलीट कधीही नाही. दोन्ही शब्द एकाच मेनूत, जवळजवळ असतात, म्हणून मुद्दाम सांगते.

पायरी ३: सिंकचं ॲप जागं आहे का

सिंक म्हणजे कॉम्प्युटरवरच्या आणि क्लाउडवरच्या फायली एकमेकींशी जुळवत राहणं. टास्कबारच्या उजव्या टोकाला, घड्याळाजवळ, वर टोक केलेला छोटा बाण असतो. त्यावर क्लिक केलं की लपलेली चिन्हं दिसतात. तिथे तुमच्या क्लाउडचं चिन्ह आहे का? नसेल तर ॲप बंद आहे. स्टार्ट मेनूतून उघडा. चिन्ह राखाडी असेल आणि त्यावर तिरकी रेघ असेल तर तुम्ही लॉगिन नाही. फोनवर पासवर्ड बदलला की कॉम्प्युटर बाहेर फेकला जातो, आणि तो गाजावाजा करत नाही, नुसता जुन्या स्थितीत थांबून राहतो.

चिन्हावर क्लिक करून वाचा, सिंक 'पॉज' झालंय का. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करणाऱ्यांनी इथे नीट लक्ष द्या. विंडोजमध्ये ते कनेक्शन 'मीटर्ड', म्हणजे मोजक्या डेटाचं, म्हणून नोंदलेलं असेल तर वनड्राइव्ह डेटा वाचवण्यासाठी स्वतःहून थांबतं. बॅटरी सेव्हर चालू झाल्यावरही तसंच. तिथेच सिंक पुन्हा सुरू करण्याचा पर्याय असतो. एवढ्यावर भागलं नाही तर त्याच मेनूतून ॲप पूर्ण बंद करा, अर्धा मिनिट थांबा, पुन्हा उघडा.

पायरी ४: फाइल दिसायला हवी त्या जागी आहे का

हा भाग गूगल ड्राइव्ह वापरणाऱ्यांनी सावकाश वाचावा.

डेस्कटॉपच्या गूगल ड्राइव्हला काम करायच्या दोन पद्धती आहेत. 'स्ट्रीम' पद्धतीत विंडोजवर एक वेगळा ड्राइव्ह दिसतो, बहुतेक वेळा जी अक्षराचा, आणि फायली मागाल तशा उतरतात. 'मिरर' पद्धतीत 'माय ड्राइव्ह'मधलं सगळं एका साध्या फोल्डरात उतरून ठेवलं जातं. जी ड्राइव्ह अचानक नाहीसा झाला असेल तर बहुधा ॲप बंद आहे किंवा कुणीतरी पद्धत बदलली आहे. ॲपच्या सेटिंगमध्ये हे एका नजरेत कळतं.

दुसरी गोष्ट 'शेअर्ड विथ मी'ची. पुण्याच्या भाच्याने तुम्हाला फोल्डर शेअर केलं, ते ब्राउझरमध्ये दिसतं, पण कॉम्प्युटरच्या ड्राइव्हमध्ये दिसत नाही. यात काही बिघडलेलं नाही. त्या फोल्डरचा शॉर्टकट 'माय ड्राइव्ह'मध्ये टाकावा लागतो. ब्राउझरमध्ये फोल्डरवर उजवं क्लिक, 'ऑर्गनाइझ', मग 'ॲड शॉर्टकट', आणि 'माय ड्राइव्ह' निवडा. थोड्या वेळाने ते कॉम्प्युटरवर येतं.

फोटोंचंही असंच. गूगल फोटोमधले फोटो ड्राइव्हमध्ये आपोआप दिसणं जुलै २०१९ पासून बंद झालं आहे. लग्नाचे फोटो ड्राइव्हमध्ये शोधत बसू नका, गूगल फोटोच्या वेबसाइटवर पाहा.

आणि आता जिथे माझी सगळ्यात जास्त गिऱ्हाइकं अडकतात ते. गूगल डॉक्स किंवा शीट्समध्ये केलेली फाइल कॉम्प्युटरवर दिसते, पण ती केवळ एक दुवा असते, फारच छोटी. डबल क्लिक केलं की ब्राउझर उघडतो. ती पेनड्राइव्हवर कॉपी केली तर पेनड्राइव्हवर दुवाच जातो, मजकूर जात नाही. एका काकांनी वर्षाचा हिशोब असा पेनड्राइव्हवर घेऊन सीएंना दिला, आणि तिथे काहीच उघडेना. अशी फाइल कुणाला द्यायची असेल तर ब्राउझरमध्ये उघडा, 'फाइल' मेनूत 'डाउनलोड' निवडा आणि पीडीएफ, वर्ड किंवा एक्सेल करून घ्या.

ब्राउझरमधून मोठं फोल्डर उतरवताना गूगल ते झिप करून देतं, आणि आकार मोठा असला की एकाऐवजी अनेक झिप बनतात. पहिलीच उघडली तर निम्म्या फायली नाहीत असं वाटतं. डाउनलोड्स फोल्डरात बाकीच्या शोधा.

वनड्राइव्हवाल्यांसाठी एकच गोष्ट. विंडोज डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स ही फोल्डरं वनड्राइव्हच्या आत हलवण्याची सूचना करतं, त्याला 'बॅकअप' म्हणतं, आणि आपण घाईत 'हो' म्हणून टाकतो. नंतर तो बॅकअप बंद केला की नेहमीचं डॉक्युमेंट्स रिकामं दिसतं. फायली वनड्राइव्हच्या फोल्डरातल्या डॉक्युमेंट्समध्ये असतात. आधी तिथे बघा.

ड्रॉपबॉक्स आणि वनड्राइव्ह दोन्हींत ठरावीक फोल्डरंच या कॉम्प्युटरवर दाखवायची सोय आहे. सेटिंगमध्ये 'सिलेक्टिव्ह सिंक' किंवा 'चूझ फोल्डर्स' उघडून कुणी खूण काढली आहे का ते तपासा.

पायरी ५: मराठी नावांच्या खास अडचणी

याबद्दल मला कुठे एकत्र लिहिलेलं सापडलं नाही, म्हणून थोडं जास्त लिहिते.

विंडोजला फाइलच्या नावात काही चिन्हं चालत नाहीत: दोन्ही बाजूंच्या तिरक्या रेघा, कोलन, तारा, प्रश्नचिन्ह, दुहेरी अवतरण, कोनी कंस आणि उभी रेघ. आपण मात्र सवयीने 'सभा १५/०८/२०२४' असं नाव देतो. गूगल ड्राइव्हच्या वेबसाइटवर ते चालतं. विंडोजवर उतरताना तिरक्या रेघेच्या जागी खालची रेघ येते आणि नाव वेगळं दिसतं. वनड्राइव्ह अशी फाइल घेतच नाही. नावाच्या शेवटी टिंबही चालत नाही, त्यामुळे 'पावत्या इ.' असं फोल्डर अडतं. तारखेत आडवी छोटी रेघ वापरा, आणि 'इ.' ऐवजी 'इतर' लिहा.

गूगल ड्राइव्हवर एकाच फोल्डरात अगदी सारख्या नावाच्या दोन फायली राहू शकतात. विंडोजवर तसं चालत नाही, म्हणून दुसरीच्या नावापुढे आकडा लागतो. नवीन फाइल कुठून आली असं वाटलं तर हे कारण असतं. दोन कॉम्प्युटरवर एकाच वेळी बदल केले तर वनड्राइव्ह कॉम्प्युटरचं नाव जोडून दुसरी प्रत ठेवतं. तीही पुसू नका, आधी दोन्ही उघडून पाहा.

नावाच्या लांबीचं गणित मराठीत वेगळं पडतं. विंडोजमधल्या बऱ्याच प्रोग्रॅमना ड्राइव्हच्या अक्षरापासून फाइलच्या शेवटापर्यंतचा पूर्ण पत्ता २६० चिन्हांच्या आत लागतो. आणि कॉम्प्युटर आपल्यासारखी अक्षरं मोजत नाही. 'वडिलोपार्जित मालमत्ता' ही आपल्या डोळ्यांना दहा अक्षरं आणि एक मोकळी जागा. कॉम्प्युटर मात्र प्रत्येक काना, वेलांटी, मात्रा आणि हलन्त सुटा धरतो आणि २१ मोजतो. 'श्री' म्हणजे चार. अशी चार फोल्डरं एकात एक असली आणि आत लांब नावाची फाइल, की मर्यादा गाठली जाते आणि फाइल दिसते पण उघडत नाही. लिनक्सवर तर एका नावाला २५५ बाइट मिळतात आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, म्हणजे जेमतेम ८५ चिन्हं. फोल्डरं कमी करा, नावं आटोपशीर ठेवा. 'मालमत्ता' पुरेसं आहे.

शोधूनही फाइल सापडत नाही, असा प्रकार 'ऱ्य' किंवा 'ऱ्ह' असलेल्या नावांत होतो. 'दुसऱ्या', 'पायऱ्या', 'वऱ्हाड' यांतला तो अर्धा र दोन वेगळ्या पद्धतींनी साठवला जाऊ शकतो. एकात नुक्ता असलेला वेगळा 'ऱ' आणि हलन्त, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. स्क्रीनवर दोन्ही तंतोतंत सारखे दिसतात. फोनच्या कीबोर्डवर लिहिलेलं नाव कॉम्प्युटरच्या कीबोर्डवर टाइप करून शोधलं, तर कधीकधी काहीच हाती लागत नाही. मग ते अक्षर टाळून नावाचा दुसरा तुकडा शोधा. 'दुसऱ्या मजल्याचा नकाशा' हवा असेल तर फक्त 'नकाशा' टाइप करा.

नावाच्या जागी इंग्रजी अक्षरांचा अर्थहीन कचरा दिसत असेल तर ती फाइल कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टच्या सवयीने नाव दिलेली असेल. फाइल मॅनेजर नावं युनिकोडमध्येच, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटर-फोनवर चालणाऱ्या अक्षरपद्धतीतच, दाखवतो. आतला मजकूर शाबूत असतो, त्यासाठी तो फॉन्ट कॉम्प्युटरवर लागतो. नाव मात्र नव्याने, युनिकोडमध्ये द्या.

पायरी ६: दोष फाइल मॅनेजरचा असेल तर

फायली उघडतात पण हिरवे-निळे ठसे दिसत नाहीत, अशीही तक्रार येते. विंडोजमध्ये चिन्हांवर ठसे दाखवणाऱ्या प्रोग्रॅमसाठी एकूण १५ जागा असतात आणि त्यातल्या काही विंडोज स्वतःच वापरतं. दोन-तीन क्लाउड ॲप एकत्र बसवली की जागा संपतात. त्या नावाच्या वर्णक्रमाने वाटल्या जात असल्यामुळे काही ॲप आपल्या नावाआधी मोकळ्या जागा घालून पुढे घुसतात. रजिस्ट्री, म्हणजे विंडोजची आतली सेटिंगची नोंदवही, उघडून खटपट करू नका. जे क्लाउड ॲप वापरत नाही ते काढा, कॉम्प्युटर पुन्हा चालू करा.

नवीन फाइल दिसत नसेल तर एफ५ दाबा. तरी नाही, तर टास्क मॅनेजर उघडा, यादीत 'विंडोज एक्सप्लोरर' शोधा आणि 'रीस्टार्ट' करा. क्षणभर टास्कबार गायब होऊन परत येतो, त्यात काही बिघडत नाही. 'व्ह्यू' मेनूत 'शो' आणि त्यात 'हिडन आयटम्स' चालू करून लपलेल्या फायली आहेत का तेही पाहा. फोटोंची छोटी चित्रं दिसत नसतील तर बऱ्याच वेळा ते फोटो अजून उतरलेलेच नसतात.

मॅकवर गूगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह आणि ड्रॉपबॉक्सची फोल्डरं नव्या मॅकओएसमध्ये होम फोल्डरातल्या लायब्ररीत, 'क्लाउडस्टोरेज' नावाच्या जागी गेली आहेत. जुन्या जागी शोधून सापडत नाहीत ती म्हणून. फाइंडरच्या डाव्या पट्टीत 'लोकेशन्स'खाली पाहा. खाली बाण असलेला ढग दिसला तर फाइल उतरलेली नाही, त्यावर क्लिक करा. आयक्लाउडच्या सेटिंगमधलं 'ऑप्टिमाइझ मॅक स्टोरेज' चालू असेल तर जुन्या फायली जागेअभावी वर जातात.

लिनक्सवर ग्नोम या डेस्कटॉपच्या फाइल मॅनेजरमध्ये जोडलेला गूगल ड्राइव्ह बरोबर नावं दाखवतो, पण इतर प्रोग्रॅममधून त्याच फायली अक्षर-आकड्यांच्या लांब ओळींसारख्या दिसतात. आधी कॉपी करून होम फोल्डरात आणा, मग काम करा. देवनागरी नावांच्या जागी चौकोनी डबे दिसत असतील तर नोटो किंवा लोहित हा देवनागरी फॉन्ट बसवा.

पायरी ७: अगदी शेवटचा उपाय

वरचं सगळं करूनही जमलं नाही तरच अकाउंट तोडून पुन्हा जोडा. वनड्राइव्हमध्ये त्याला 'अनलिंक धिस पीसी' म्हणतात, गूगलमध्ये 'डिस्कनेक्ट अकाउंट'. त्याआधी एक काम न चुकता करा. अजून वर न चढलेल्या फायली आहेत का ते ॲपच्या खिडकीत पाहा. गूगलच्या स्ट्रीम पद्धतीत अशा फायली एका लपलेल्या कॅशमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, असतात आणि अकाउंट तोडताना त्या जाऊ शकतात. फिरणारे बाण दिसत असतील तर थांबा. ज्या फायलींबद्दल शंका आहे त्या क्लाउडच्या फोल्डराबाहेर, साध्या फोल्डरात कॉपी करा, आणि ती कॉपी उघडून पाहा. मगच तोडा.

काकूंच्या लॅपटॉपवर इथपर्यंत जावंच लागलं नाही. कागदपत्रांच्या फोल्डरवर 'ऑलवेज कीप' लावलं, सगळे ढग एकेक करून भरीव हिरवे झाले, आणि वकिलांसाठी पीडीएफ एका पेनड्राइव्हवर वेगळ्या काढल्या. मग मी त्यांना घरी करायची परीक्षा सांगितली. बाहेर पडायच्या आदल्या रात्री लॅपटॉपचं एअरप्लेन मोड चालू करायचं आणि लागणारी प्रत्येक फाइल उघडून शेवटच्या पानापर्यंत जायचं. नावं वाचून समाधान मानायचं नाही.

काकूंनी ती परीक्षा तिथेच, माझ्या टेबलावर दिली. विमानाचं चिन्ह दाबलं, इनामपत्रावर डबल क्लिक केलं. क्षणात मोडीतली पहिली ओळ स्क्रीनवर आली. त्या शेवटच्या पानापर्यंत गेल्या, शिक्का दिसल्यावर थांबल्या, मग पुढची फाइल उघडली. अकरा फायली होत्या, अकराही उघडून पाहिल्या आणि लॅपटॉप पिशवीत ठेवला.